गुरुबाणीतला विठ्ठल कोणाचा?

नांदेड,
१८ नोव्हेंबर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच मिळालं. सप्ताहातल्या कीर्तनात महाराज म्हणाले की शिखांच्या ग्रंथात, गुरू ग्रंथ साहिबात, आपला विठ्ठल आहे, राम आहे, हरी आहे, म्हणजे ती आपलीच एक शाखा. तू ते कौतुकानं ऑफिसातल्या सरदारजींना सांगायला गेलास आणि ते दुखावले. "त्या नावांचा तुमच्या देवांशी काडीचा संबंध नाही," म्हणून उठून गेले. आता या दोघांत बरोबर कोण, असं तू मला विचारतोस. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. पण का पटत नाही ते चार ओळींत मावणारं नाही, म्हणून निवांत लिहितो.

सगळ्यात कडक जागेपासून सुरुवात करतो. पाचवे गुरू अर्जनदेव यांचा भैरउ रागातला एक शबद, म्हणजे पद, आहे, अंग ११३६ वर. (ग्रंथाच्या पानाला तिकडे 'अंग' म्हणतात. ग्रंथाच्या छापील प्रतींत सारखीच १४३० अंगं असतात, त्यामुळे कुठलीही ओळ पटकन सापडते.) विषय आहे गोकुळाष्टमीचा. बाकीच्या तिथ्या बाजूला सारल्या आणि म्हणे गोविंद अष्टमीला जन्मला! पंजिरी करून पडद्याआडून देवाला भरवता, अंगाई गाऊन त्याला झोके देता, आणि तो तर जन्मतही नाही, मरतही नाही. आपल्याकडचा सुंठवडा आणि पाळणा डोळ्यांपुढे आण, म्हणजे हे किती झोंबतं ते कळेल. पुढे तर 'सो मुखु जलउ जितु कहहि ठाकुरु जोनी' अशी ओळ आहे. ठाकूर योनीतून आला असं म्हणणारं तोंड जळो.

आता त्याच शबदाचं रहाउ बघ. रहाउ म्हणजे आपल्या अभंगाचं ध्रुपद. शबदाचा सगळा भार त्या ओळीवर असतो आणि जाणती माणसं अर्थ लावायला तिथूनच सुरुवात करतात. ती ओळ अशी: 'भरमि भूले नर करत कचराइण ॥ जनम मरण ते रहत नाराइण ॥' भ्रमात पडलेली माणसं कच्ची बडबड करतात, नारायण जन्ममरणापासून वेगळा आहे. कृष्णजन्म नाकारायला गुरूंनी शब्द कुठला घेतला? नारायण!

हे नाव तिथं चुकून आलेलं नाही. हाच शबद लिहिणाऱ्या गुरूंनी स्वतःच्या मुलाचं नाव हरगोबिंद ठेवलं होतं. अमृतसरच्या मंदिराला हरिमंदिर म्हणतात. आणि आमच्या नांदेडला ज्यांच्यामुळे जग ओळखतं, ते दहावे गुरू गोबिंदसिंग. हरी हे नाव ग्रंथात हजारो वेळा येतं. तेव्हा तुझ्या सरदारजींचं 'काडीचा संबंध नाही' हे टिकत नाही. पण महाराजांचं 'आपलाच' हेही टिकत नाही, कारण ग्रंथाच्या अगदी सुरुवातीच्या मूलमंत्रातच त्या एका ईश्वराला 'अजूनी' म्हटलंय, म्हणजे कुठल्याही योनीत न येणारा. ग्रंथातलं कुठलंही नाव त्या एका शब्दापुढे नेऊन बघायचं. तिथं टिकलं तर ते त्या एकाचं नाव, नाहीतर ते एका कथेतल्या पात्राचं.

गुरू अर्जनदेवांनीच हे एका जागी फार सुंदर मांडलंय. मारू रागातलं त्यांचं एक लांब पद आहे, अंग १०८२ वर. तू वाचलंस तर विष्णुसहस्रनामच वाचतोयस असं वाटेल. अच्युत, मधुसूदन, दामोदर, ऋषीकेश, गोवर्धनधारी, मुरलीमनोहर, नरसिंह, वामन, चक्रपाणी, वासुदेव, गोपीनाथ, एकामागून एक नावं येतात. मध्येच एक ओळ येते, 'स्री रामचंद जिसु रूपु न रेखिआ', म्हणजे ज्याला रूप नाही, रेखा नाही असा श्रीरामचंद्र. दशरथाच्या मुलाला हे विशेषण लागू कसं पडणार? आणि पदाच्या शेवटाकडे ते म्हणतात, 'किरतम नाम कथे तेरे जिहबा ॥ सति नामु तेरा परा पूरबला ॥' माझी जीभ तुझी किरतम नावं बोलते, तुझ्या कृत्यांवरून माणसांनी घडवलेली. सत्य हे तुझं नाव सगळ्यांच्या आधीचं. ही ओळ मला फार थोर वाटते. माणसानं घडवलेली म्हणून ती नावं त्यांनी टाकून दिली नाहीत. आधी सगळी प्रेमानं गायली आणि मग ती घडवलेली आहेत हे त्या एकालाच सांगितलं.

ही झाली हाक मारण्याची नावं. पण ब्रह्मा, विष्णू, महेश, इंद्र हे देव म्हणूनही ग्रंथात येतात, आणि तिथं ते स्वतःच कुणाच्या तरी दारात उभे असतात. रोज संध्याकाळी रहिरास या पाठात गुरू नानकांचं 'सो दरु' म्हणतात. त्यात इंद्र आपल्या आसनावर बसून गातोय, ईश्वर, ब्रह्मा, देवी गाताहेत, धर्मराज दारात गातोय, चित्रगुप्त गातोय. गुरू नानकांच्या जपजीमध्ये, म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीच्या बाणीत, 'केते कान महेस' आहे: कृष्ण किती आणि महेश किती, मोजदादच नाही. पहाटे गायल्या जाणाऱ्या 'आसा दी वार' या बाणीत तर 'नानक निरभउ निरंकारु होरि केते राम रवाल' म्हटलंय, म्हणजे निर्भय निराकार तो एकच, बाकी कितीतरी राम धूळ. आणि दुसरीकडे वनवासात निघालेला, सीता-लक्ष्मणाच्या वियोगानं रडणारा रामही गुरू नानकांच्या बाणीत आहे, दुःख कुणालाच चुकत नाही हे सांगायला.

एकच 'राम' हा शब्द इतक्या ठिकाणी इतक्या अर्थांनी येतो, मग वाचणाऱ्यानं काय करायचं? कबीरांनी त्याचं उत्तर ग्रंथातच देऊन ठेवलंय, अंग १३७४ वर. राम म्हणण्यात भेद आहे, म्हणतात ते. ज्याला सगळे राम म्हणतात त्याच नावानं खेळ करणारे कौतुकीही आपला राम नाचवतात. आणि लगेच पुढच्या श्लोकात: 'कबीर रामै राम कहु कहिबे माहि बिबेक ॥' राम राम जरूर म्हण, पण म्हणताना विवेक ठेव. एक सगळ्यांत मिसळलेला आहे, दुसरा आपल्या एकट्यातच मावलेला. वसंता, आपल्या महाराजांना सांगायची ओळ असेल तर ही.

आता विठ्ठल. तू पंजाबातल्या घुमानच्या साहित्य संमेलनाला गेला होतास, २०१५ साली, तेव्हा नामदेवांचे एकसष्ट शबद ग्रंथात आहेत हे तू ऐकलंच असशील. त्यातला अंग ४८५ वरचा एक तुला उतरून देतो, कारण तो वाचायला तुला भाष्य लागणार नाही:

आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ ॥
बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ ॥

घागर आणली, पाणी भरलं, ठाकुराला स्नान घालावं म्हटलं. पण पाण्यात बेचाळीस लाख जीव, त्यांच्यात बीठल आधीच आहे, मग मी करू काय? फुलं आणून माळ ओवली, तर त्यांचा वास भुंग्यानं आधीच घेतलेला. दूध आणून खीर रांधली, तर 'पहिले दूधु बिटारिओ बछरै', वासरानं ते आधीच विटाळलेलं. 'आनीले', 'भैला', 'काइ करउ', 'बिटारिओ': पंजाबात गुरुमुखीत लिहिलेल्या ओळींत आपल्या घरातली बोली अशी ऐकू येते, की पहिल्यांदा वाचताना मला पुढे वाचवेना. पाणी, फूल, दूध, पूजेचं एकेक सामान हातात येतं आणि त्या प्रत्येकात बीठल आधीच येऊन बसलेला असतो. शेवटी 'ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही', इकडे बीठल, तिकडे बीठल, बीठलावाचून संसारच नाही. हा बीठल कुठल्या एका देवळात ठेवता येणारा नाही. पण तो आपल्या गाथेतल्या विटेवरच्या विठ्ठलाला अनोळखी आहे असंही मला म्हणवत नाही. परंपरा मानते की हाक मारणारा गळा दोन्हीकडे एकच. गुरू अर्जनदेवांच्या स्वतःच्या बाणीतही 'दइआल बीठुलै' आहे. नामदेवांचा हा शब्द त्यांनीही आपल्या तोंडी घेतला.

इथं महाराजांची अडचण होईल असाही एक शबद आहे. गोंड रागात नामदेव पांडेबुवाला म्हणतात, आज नाम्यानं बीठल पाहिला, मूर्खाला समजावू कसं! तुझी गायत्री लोध्याच्या शेतात चरत होती, त्यानं दांडक्यानं तंगडी मोडली. तुझा महादेव पांढऱ्या बैलावरून येताना पाहिला, तुझा रामचंदही पाहिला, त्यानं तर घरची बायको गमावली. आणि शेवट: हिंदू देऊळ पूजतो, मुसलमान मशीद, नाम्यानं त्याची सेवा केली जिथं देऊळही नाही आणि मशीदही नाही. हे सप्ताहात वाचून दाखवायची हिंमत किती जण करतील?

सरदारजींची अडचण करणारा शबदही नामदेवांचाच आहे. माली गउड़ा रागात, अंग ९८८: 'धनि धनि क्रिसन ओढै कांबली ॥ धनि धनि तू माता देवकी ॥ जिह ग्रिह रमईआ कवलापती ॥' कांबळं पांघरलेला कृष्ण आहे, देवकी आहे, वृंदावनही आहे. भाष्यकार इथंही निर्गुण अर्थ काढतात, आणि त्याला आधार आहे. सुरुवातीलाच त्या वेणूचा नाद 'अनहत' म्हटलाय, न वाजवता वाजणारा. तरी मला वाटतं, या कांबळ्याची ऊब काढून टाकून हे वाचू नये. १६०४ साली ग्रंथ सिद्ध करताना गुरू अर्जनदेवांनी काय घ्यायचं, काय नाही हे बारकाईनं ठरवलं होतं. सूरदासांच्या नावावरच्या एका पदाची त्यांनी एकच ओळ ठेवली आणि पुढे स्वतःचा शबद जोडला. सूफी संत फरीदांच्या श्लोकांत गरज वाटली तिथं गुरूंचे श्लोक मध्ये घातलेले आहेत. देवकीच्या शबदाला मात्र त्यांनी हात लावला नाही. अष्टमीचा तो कडक शबद लिहिणाऱ्यानंच 'धन्य माता देवकी' ग्रंथात ठेवलं. हे दोन्ही शबद एकत्र पेलायची तयारी नसेल तर ग्रंथ अर्धाच वाचला जाणार.

सरदारजींचं दुखावणं मला समजतं, तेही सांगून ठेवतो. हा वाद त्यांच्यासाठी पुस्तकी नाही. निर्मळे आणि उदासी या पंथांच्या साधूंनी गुरुबाणीचा अर्थ फार काळ वेदान्ताच्या अंगानं सांगितला. १८७३ मध्ये अमृतसरला सिंग सभा ही शिखांची सुधारणा चळवळ सुरू झाली, मग आर्यसमाजाशी खटके उडाले, आणि १८९८ मध्ये भाई काहनसिंग नाभांनी 'हम हिंदू नहीं' लिहिलं. १९०५ पर्यंत दरबार साहिबच्या, म्हणजे त्याच हरिमंदिराच्या, परिक्रमेत मूर्ती होत्या, त्या वर्षी त्या हलवल्या गेल्या. 'तुम्ही आमचीच शाखा' हे वाक्य त्या समाजानं इतक्यांदा ऐकलंय की, तू कितीही प्रेमानं म्हटलंस तरी त्यांच्या कानाला ते आपल्याला पुसून टाकणारंच वाटतं.

गुरुबाणीचे भाष्यकार भाई साहिबसिंगांनी बाणीच्या व्याकरणावरून अर्थ लावायची जी पद्धत रुजवली, तिची मला सगळ्यात जास्त मदत झाली. जपजीत 'गुरु ईसरु गुरु गोरखु बरमा गुरु पारबती माई' असं आहे. आपल्याला लगेच 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' आठवतं आणि आपण पुढे जातो. ते तिथं थांबवतात. अर्थ असा की माझ्यासाठी गुरूच शिव, गुरूच गोरख आणि ब्रह्मा, गुरूच पार्वतीमाई. ज्याला जिथं जायचंय तिथं जाऊ दे, मला जे हवं ते सगळं गुरूपाशी आहे. अरदास या शिखांच्या प्रार्थनेच्या सुरुवातीच्या 'भगौती' या शब्दावर तर आजही जाणकारांत एकमत नाही. कुणी खड्ग म्हणतं, कुणी अकालाची, म्हणजे त्या कालातीत एकाची, शक्ती. त्यावर पुढे कधीतरी.

एक शबद मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. भैरउ रागातच, अंग ११६४. हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, तर नाम्याला धरून उठवलं. 'हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ', माझी जात हीन रे, यादवराया, कापड छापणाऱ्या छिप्याच्या घरी मला का जन्माला घातलंस? कांबळं उचलून तो देवळामागे जाऊन बसला, आणि देऊळ त्याच्याकडे फिरलं. आपल्याकडे ही गोष्ट औंढ्या नागनाथाची सांगतात, इथून फार लांब नाही ते. देवळात पुजारी होते, मूर्ती होती, नाव त्यांच्या ताब्यात होतं. 'यादवराया' अशी हाक मात्र देवळामागे बसलेल्यानं मारली, आणि गुरूंनी जपून ठेवली ती हीच.

तेव्हा असं कर. सरदारजींची माफी माग, पण तेवढ्यावर थांबू नकोस. अंग ११३६ आणि ४८५ हे दोन शबद त्यांनीच तुला वाचून दाखवावेत अशी विनंती कर, आणि मध्ये बोलू नकोस. नामदेवांची बोली त्यांना कुठं अडली तर तिथं तुझी मराठी उपयोगी पडेल. दोघं मिळून नांदेडला आलात तर माझ्याकडेच उतरा. पहाटे आसा दी वारला इथल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊ, नंतर गोदावरीवर. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर