ठेव मोडू नका, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ठेव मोडून माझ्या पुस्तकासाठी तुम्ही पाठवलेली रक्कम आज सकाळीच तुमच्या खात्यात परत केली आहे. हे पत्र हाती पडेपर्यंत बँकेचा मेसेज येऊन गेला असेल आणि चष्मा कपाळावर चढवून तुम्ही आईला दोनदा तरी विचारलं असेल, 'हिला झालंय काय?' रागावू नका. आधी पत्र शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तुमचा आवाज ऐकला की मी 'हो बाबा' म्हणते आणि सांगायचं ते राहूनच जातं.

दादाने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. माझ्या कथा परत येतात. सहा वर्षांत मी १७ कथा लिहिल्या आणि त्या वेगवेगळ्या मासिकांकडे मिळून ७१ वेळा पाठवल्या. ४४ वेळा नकार आला, १९ वेळा उत्तरच आलं नाही, ५ ठिकाणचं अजून कळायचंय आणि ३ छापून आल्या. त्या तीनच तुम्हाला माहीत होत्या, कारण मी तेवढ्याच सांगितल्या. आई, तू दर रविवारी 'नवीन काही लिहिलंस का गं?' असं विचारायचीस आणि मी 'चाललंय' म्हणायचे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नकारांचं आता तितकंसं वाटत नाही. तुमच्यापासून लपवलं, याचं मात्र फार वाईट वाटतं.

आता पैशांचं. ठेव मोडून माझा कथासंग्रह काढायचं तुमच्या मनात का आलं, ते मला कळतं. सगळे संपादक दार लावून आत बसलेत आणि आपली पोर बाहेर उभी आहे, असं तुम्हाला दिसलं. पोर बाहेर उभी असताना तुम्ही कधी थांबला आहात? दहावीच्या त्या पेपरला भर पावसात सायकल काढलीत, तसेच आत्ताही निघालात. पण बाबा, हे दार तसं नाही. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा आहे असं मी मुळीच म्हणत नाही, कितीतरी चांगली पुस्तकं तशी निघाली आहेत. पण माझ्या कथा अजून तिथवर पोचलेल्या नाहीत. ज्या कथेत काहीतरी निसटतंय, तिला छान मुखपृष्ठ मिळालं म्हणून ते निसटायचं थांबत नाही, आणि एकदा छापली की मग मी तिला पुन्हा हात लावणार नाही, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. शिवाय न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे घरी येतील. काकांच्या वेळी माळ्यावर जे होतं, ते पुन्हा बघणं तुम्हालाही सोसायचं नाही आणि मलाही.

आणि ही सगळी कारणं बाजूला ठेवली तरी एक उरतंच. ती ठेव तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं जातंय. कठडा धरून एकेक पायरी चढणारी आई डोळ्यांसमोर असताना माझं पुस्तक मला उघडवणार नाही. म्हणून पैसे परत केले. तुमचं प्रेम परत केलेलं नाही, तेवढं समजून घ्या.

मी खचेन, ही तुमची खरी काळजी. सुरुवातीला खचत होते, कबूल करते. पहिला नकार आला तेव्हा तीन आठवडे वहीला हात लावला नव्हता. 'साभार परत', एवढे दोनच शब्द, पण मीच साभार परत आले आहे असं ते मला लागले. आजही उत्तर आलं की उघडण्याआधी पोटात खड्डा पडतो. तो पडायचा थांबेल असं वाटत नाही. पण आता मला त्या पत्रांतला फरक कळतो. बहुतेक पत्रं ठरावीक मजकुराची असतात, सगळ्यांना एकच. त्यांत शब्दामागचा अर्थ शोधत बसायचं नाही, कारण तो नसतोच. काही पत्रांत मात्र संपादकाने स्वतःहून एखादी ओळ घातलेली असते, शेवट घाईत उरकलाय म्हणून, किंवा पुढची कथा जरूर पाठवा म्हणून. अशी ओळ आली म्हणजे कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत माझ्याबरोबर चाललं होतं. ४४ मध्ये अशी ९ पत्रं आहेत. ती मी खणात वेगळी ठेवली आहेत. सगळ्यांत अवघड जातं ते उत्तरच न येणं. त्याला मी सहा महिन्यांची मुदत घालून घेतली आहे. मुदत संपली की, कुठली कथा कुठे पाठवली ते जिच्यात लिहिते त्या वहीत रेघ मारते आणि कथा दुसरीकडे पाठवते.

गेल्या वर्षी एका छोट्या मासिकासाठी मी आलेल्या कथांचं पहिलं वाचन करून दिलं, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. दोनशेच्या वर कथा आल्या होत्या आणि जागा होती आठांना. कच्च्या कथा बाजूला काढायला फार वेळ लागला नाही. पण नंतरही चाळीसेक उरल्या, आणि त्यांतल्या आठ निवडताना जीव कासावीस झाला. एक कथा म्हाताऱ्या घड्याळजीची होती. इतकी सुरेख, की मी ती उभ्या उभ्याच पुन्हा वाचली. पण दुकान बंद करायला निघालेल्या शिंप्याची एक कथा संपादकांनी आधीच घेतली होती, आणि दोन्हींचा सूर एकच. घड्याळजी परत गेला. लिहिणाऱ्याला ठरावीक मजकुराचंच पत्र गेलं. त्या माणसाने त्या रात्री स्वतःला काय काय बोल लावले असतील! तुमची कथा मला अजून आठवते, असं त्याला कळवावंसं कितीदा वाटलं, पण पहिलं वाचन करणाऱ्याने लेखकाला परस्पर लिहायचं नसतं. आता माझी कथा परत आली की मला तो घड्याळजी आठवतो. माझीही कुणाच्या तरी मनात राहिली असेल, एवढं मी स्वतःला म्हणू देते.

आणि सगळे नकार असे दुर्दैवी नसतात, हेही तिथेच शिकले. आई, आत्याच्या घराची ती कथा तुला आवडली ना? ती सात वेळा परत आली होती. दोनशे कथा वाचून झाल्यावर ती पुन्हा हातात घेतली तेव्हा लख्ख दिसलं की गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. पहिली दोन पानं मी नुसतं अंगण झाडत होते. ती दोन पानं काढली आणि आठव्या ठिकाणी कथा घेतली गेली. त्या सात जणांनी माझं नुकसान केलं असं कसं म्हणू? पहिल्याच ठिकाणी पैसे भरून छापली असती, तर ती दोन पानं जन्मभर तशीच राहिली असती. उलट बोगद्याची कथा ११ ठिकाणांहून परत आली आहे आणि तिच्यातला स्वल्पविरामही मी हलवलेला नाही. ती बरोबर आहे असं मला आतून वाटतं. तिच्यासाठी मी थांबेन.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. विज्ञानकथा लिहिणारे आयझॅक असिमोव्ह. १९३८ साली, अठरा वर्षांचे असताना त्यांनी पहिली कथा लिहून पूर्ण केली. टपालाने पाठवावी की कसं, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी वडिलांना विचारलं. वडील छोटं दुकान चालवायचे. मुलाला टाइपरायटर त्यांनीच घेऊन दिला होता. ते म्हणाले, संपादकाला स्वतः जाऊन भेट आणि कथा हातात दे. मुलगा बिचकत गेला. जॉन कॅम्पबेल नावाचे ते संपादक तासाभराहून जास्त वेळ त्याच्याशी बोलले, आणि काही दिवसांतच कथा परत पाठवली, काय चुकलं ते सविस्तर लिहून. ती कथा कधीच छापली गेली नाही, पुढे तिचं हस्तलिखितही हरवलं. पण पोरगा दुसरी लिहायला बसला, मग तिसरी, आणि १९३९ मध्ये दुसऱ्या एका मासिकात त्याची कथा आली. मला यातले ते वडील फार आवडतात. त्यांनी टाइपरायटर दिला, धीर दिला, आणि नकार मुलाचा मुलाला ऐकू दिला. टाइपरायटर तुम्ही मला कधीच दिला आहे, बाबा. ते काळ्या पाठीचं जाड रजिस्टर आठवतंय ना? अजून आहे माझ्याकडे.

कॅनडाच्या कथालेखिका अ‍ॅलिस मन्रो यांच्याही कथा न्यू यॉर्कर या अमेरिकेतल्या नियतकालिकाकडून वर्षानुवर्षं परत येत होत्या. तिथे त्यांची पहिली कथा आली १९७७ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. नोबेल २०१३ चं. मला नोबेल हवंय म्हणून हे सांगत नाही. मी छत्तिसाची झाले आणि आता उशीर झाला, असं आई मावशीला म्हणाली, ते माझ्या कानावर आलं म्हणून सांगतेय. उशीर झालेला नाही गं.

माझं इथलं सगळं नीट आहे. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. सकाळी दोन तास लिहिते, मग कामावर. रात्री अकरानंतर दिवा बंद. टेबल खिडकीशी सरकवलंय, उजेड डाव्या हाताने येतो, बाबा, तुम्ही सांगायचात तसाच. पाठीला उशी घेते. जेवण वेळेवर होतं, आणि आई, तू दिलेली गोधडी थंडी असो नसो, पायावर असतेच. परत आलेली कथा सात दिवसांच्या आत पुन्हा वाचायची आणि पुढच्या ठिकाणी रवाना करायची, एवढा एक नियम मी पाळते. तीन-चार कथा कायम बाहेर असतात, त्यामुळे एकीवरच सगळा जीव टांगलेला राहत नाही.

आता मी सांगते ते निमूट ऐकायचं. बाबा, रक्कम परत आली आहे ती याच आठवड्यात पुन्हा ठेवीत टाका आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव घाला. व्याज बुडलं असेल तर बुडू दे, त्यावरून स्वतःला बोलू नका. बीपीची रात्रीची गोळी झोपताना नाही, जेवल्याबरोबर. हाडांच्या डॉक्टरांची वेळ मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची घेतली आहे. मी येतेय, चार दिवस सुट्टी टाकलीय, त्यामुळे 'कशाला धावपळ' हे म्हणायचं नाही. आई, तोवर पाण्याची बादली उचलायची नाही. खाली बसून निवडणं-टिपणं बंद, टेबलावर कर. आणि दादावर चिडू नका. त्याने सांगितलं ते बरंच झालं.

एक गोष्ट उरली. आई, मी नऊ वर्षांची असताना पोपटाची गोष्ट लिहून पाठवली होती. रोज पोस्टमनची वाट बघायचे. तू म्हणालीस, 'टपालात हरवली असेल गं', आणि मला मांडीवर घेऊन केस विंचरत राहिलीस. तुझा हात नेहमीपेक्षा हळू चालला होता. एकोणीसची होते तेव्हा निळ्या ट्रंकेत, तुझ्या जरीच्या साडीच्या घडीत, मला ते पाकीट सापडलं. गोष्ट परत आली होती, वर छापील चिठ्ठी. मी ते होतं तसं ठेवून दिलं आणि तुला कधी बोलले नाही. तू माझ्यापासून लपवलंस, मग मी तुमच्यापासून लपवत राहिले. आता पुरे.

मी येईन तेव्हा ते पाकीट काढून ठेव. त्या नोंदींच्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या नोंदीच्या वर, एक ओळ मी मोकळी सोडली आहे.

तुमची,
चिमू