काच काढल्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. तुमच्या क्षेत्रातले लोक ओळखायचे ते ओळखतील. बाकीच्यांना एवढंच सांगायचंय की मुंबईत एक बाई आहे, ती तांब्याच्या पत्र्यावर कोरते, छापते, मेणात घडवून ब्रॉन्झमध्ये ओतून घेते, आणि तिने आमच्या अण्णांसाठी भर प्रदर्शनात फ्रेमची काच काढली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. ऐंशी उलटलेत. गिरगावातल्या छापखान्यात पोऱ्या म्हणून लागले तेव्हा सिनेमाची पोस्टरं अजून लिथोवर, म्हणजे दगडी छपाईवर, निघत. आधी दगड घासायचे, मग डिंकाचं पाणी, मग रोलर, असं करत मशीनमन झाले. ऑफसेट आलं, तेही शिकले. काचबिंदूने आधी कडेचं नेलं, मग हळूहळू मधलंही.

दिसेनासं झाल्यावर जो तो त्यांना एकच सुचवायचा: नामस्मरण करा. शेजारी, डॉक्टर, नणंदेचे यजमान, सगळ्यांचं एकमत. एका संस्थेत चौकशीला गेले तर तिथल्या बाईंनी वय विचारलं आणि काढलेला फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. अण्णा जप करणाऱ्यांतले नव्हेत. सकाळी वर्तमानपत्र हातात घेऊन बसायचे, कोपरा बोटांत चोळायचे आणि जाहीर करायचे, "आज कागद हलका लावलाय." खरं असायचं की नाही, देव जाणे.

तुमच्या आधी त्यांना मी दुसऱ्या एका गॅलरीत नेलं होतं. जुने लिथो लावलेत असं वाचलं होतं. वाटेत टॅक्सीवाल्याला त्यांनी सगळा इतिहास ऐकवला: रविवर्म्याने १८९४ साली छापखाना काढला तो आपल्या मुंबईत, मळवलीला गेला तो नंतर, एकेका रंगाला एकेक दगड लागायचा, चित्रकाराचं नाव घरोघरी पोचलं, दगडावर चित्र उतरवणाऱ्यांना कोण विचारतो? उत्साह नुसता. आत जाऊन त्यांनी एका फ्रेमच्या लाकडाला बोट लावलं, काचेलासुद्धा नाही, तोच रखवालदार ओरडला. त्याचा राग नाही, त्याला तेच सांगितलेलं असणार. पण आतून एक चांगली शिकलेली मुलगी आली आणि मला म्हणाली, "यांना इथे आणून काय उपयोग?" अण्णांना ऐकू छान येतं, ताई. परतताना टॅक्सीत ते एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्याकडेही ते येणार नव्हतेच. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आडोसा तुमच्या प्रदर्शनाचा मिळाला, एवढंच. मी भिंती बघत होते. एका फ्रेममध्ये तर मला कोरा कागद दिसला. पांढऱ्यावर पांढरं, शाईचा ठिपका नाही. अण्णांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, कागद आहे." मागून तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं, हे डोळ्यांनी नीट कळत नाही."

मग दिव्यांचं काम करणाऱ्या पोराकडून तुम्ही स्क्रू ड्रायव्हर मागितलात. फ्रेम उतरवून बाकावर पालथी घातलीत आणि मागचे खिळे एकेक करून उचकटलेत. कोणीतरी घाईघाईने सांगायला आलं की अहो, हे विकलं गेलंय, लाल टिकली लागलीय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग घेणाऱ्याला सांगू, मशीनमनकडून तपासून दिलंय." अण्णांचे हात पावसाने ओले होते. ते तुम्ही आपल्या ओढणीने कोरडे केलेत, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, आणि कागद त्यांच्या हातात दिलात. "पाठीमागून बघा, मास्तर. उठाव तिकडून जास्त कळतो."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "डावीकडे दाब कमी पडलाय. कागदावर घालता ते झिजलंय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र हसलात. "फेल्ट झिजलंय. नवं घ्यायला पैसे नव्हते. अजून कोणाच्या लक्षात आलं नाही."

आंधळ्या म्हाताऱ्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, डोक्यावरून हात फिरवल्यासारखे बोलतात. स्वतःच्या कामातली खोट त्याला काढू देणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. बाकी तुम्ही पुढे जे केलंत ते मोठं असेल, पण माझ्यापुरतं सगळं त्या काचेपाशीच झालं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते अण्णाच घरी रोज सांगतात. तुमचा भायखळ्याचा गाळा. तुम्ही मुळात शिल्पकार, जे. जे.त मूर्ती शिकलात, पण ब्रॉन्झच्या ओतकामाचा खर्च झेपेना म्हणून छपाईकडे वळलात. तांबाकाट्यावरून पत्रा आणायचा आणि तो मूर्तीसारखाच वरखाली कोरायचा. अण्णांच्या बोटांना तुम्ही तो पत्रा दिलात आणि कृष्णा रेड्डींची गोष्ट सांगितलीत. तेही शिल्पकार. पॅरिसला हेटर नावाच्या छापचित्रकाराच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत त्यांनी आणि आपल्या मुंबईच्या कैको मोतींनी एकाच पत्र्यावरून सगळे रंग एका दाबात काढायची रीत बसवली. पातळ शाई कडक रोलरने उंचवट्यांवर, घट्ट शाई मऊ रोलरने खोलगटात, आणि तेलाच्या फरकामुळे एक दुसरीला जवळ येऊ देत नाही. अण्णा ऐकत राहिले. रंगागणिक दगड उचलून त्यांची कंबर गेलेली. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमचाच दगडावरचा तेलापाण्याचा खेळ, ओल्या जागी तेलाची शाई धरत नाही तो. फक्त पाणी काढून टाकलं."

शाई कितपत झालीय हे ते रोलरच्या आवाजावरून सांगतात, हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. भज्याचं तेल तापत आलं की कुरकुरतं, तसा आवाज यायला हवा म्हणे. चिकट ओढल्यासारखा आला तर शाई जास्त झाली. तुमच्याकडची पोरं आता त्यांना हाक मारतात, "आजोबा, ऐका जरा." इतक्या वर्षांत त्यांना कोणी 'ऐका' म्हटलं की पुढे उपदेशच असायचा.

एकदा तुम्ही त्यांना बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांच्याबद्दल सांगितलंत. मेणाच्या नाहीतर मातीच्या पाटीवर सुरीने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा. 'जखमा' नावाची ती मालिका, पांढरी. बंगालचा १९४३चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी बघितला होता, तो हातातून कधी गेला नाही. नंतर ते ब्रॉन्झकडे वळले. व्हिएतनामवरचं त्यांचं मोठं आई-मुलाचं शिल्प १९७७ साली शांतिनिकेतनातून चोरीला गेलं. अण्णा चटकन म्हणाले, "बघा, चोराला हात लावता आला." तुम्ही इतक्या हसलात की शाईचा डबा कलंडला. डाग माझ्या साडीवर अजून आहे. असू दे.

ताई, चांगुलपणा म्हटला की आपल्याकडे लगेच देणगी, ट्रस्ट, सत्कार, शाल असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. या शहरात तेही होतं, नाही असं नाही. पण समोरच्याचे हात आधी कोरडे करावेत हे सुचायला काय लागतं, मला खरंच कळत नाही. त्या दुसऱ्या गॅलरीतल्या मुलीला ते का सुचलं नसेल? ती वाईट नसणार. घरी आजोबांना चहा नेऊन देत असेल. पण त्या दिवशी तिला अण्णांच्यात फक्त न दिसणारे डोळे दिसले. लोकलमध्ये उठून जागा देणारे मला रोज भेटतात, ते चांगलेच. तुम्ही अण्णांना उभं राहायची जागा दिलीत, तीही मशीनच्या बाजूला.

आभार मानायला त्यांनाच बसवणार होते, पण ते म्हणाले, "कामाच्या ठिकाणी आभार कसले, निरोप लिही." तर निरोप असा: नवं फेल्ट आलंय म्हणून लगेच दाब वाढवू नका, आधी रद्दीवर काढून बघा. तो कुरळ्या केसांचा मुलगा निळ्यात तेल जास्त घालतो, त्याला दोनदा सांगून झालंय, आता तुम्ही सांगा. आणि शनिवारी आम्ही येतोय, चहा थर्मासमधून घरचा आणू. तुमच्या गाळ्यातला चहा त्यांना मुळीच आवडत नाही, हे इतके दिवस ते भिडेपोटी बोलले नव्हते.

तुमची,
अण्णांची सून
गिरगाव