येऊरचा वसंत आणि तुमची पुरवणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला ठाण्याच्या येऊर जंगलावरचा लेख वाचला. ‘रानफुलांचे गालिचे’ वाचून ठसकाच लागला. अहो, मार्चमध्ये येऊरला गालिचा असतो तो वाळक्या पानांचा! तेरडा, सोनकी, कळलावी ही सगळी पावसाळ्याची मंडळी. आत्ता जे काय आहे ते झाडांवर, पळस, पांगारा, काटेसावर, आणि कुठे अंजनी सापडलीच तर फांदीला चिकटून जांभळ्या फुलांचे घोस, पण त्यासाठी मान वर करावी लागते, ऑफिसात बसून नाही दिसत.

फोटोचं तर बोलायलाच नको. खाली छापलंय ‘ब्लू मॉरमॉन’ आणि वर बसलाय ब्लू टायगर. 2015 ला मॉरमॉन राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं, तरी अजून तुम्हाला ओळखू येत नाही? मॉरमॉन चांगला तळहाताएवढा, काळा मखमली, मागच्या पंखांवर निळाईचा मोठा डाग. टायगरला नुसते फिकट ठिपके आणि रेघा.

तेही सोडा. पण ‘थवा उडवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या’ ही फुलपाखरांबद्दलची टिप कोणी दिली हो? गेल्या वर्षी भाचीला घेऊन गेले होते, ओढा आटत आलेला, एका ओल्या पट्ट्यावर कॉमन जे आणि पिवळट एमिग्रंट ही फुलपाखरं दाटीवाटीने बसलेली, सोंड मातीत खुपसून. ही बहुतेक नरमंडळी असतात, मातीतले क्षार शोषायला येतात, ते पुढे मादीच्या अंड्यांच्या कामी येतात. भाची उकिडवी बसून बघत होती तेवढ्यात स्पीकर लावून एक ग्रुप आला आणि त्यातल्या एकाने सरळ चप्पल भिरकावली. रीलसाठी! उडाली सगळी, जरा वेळाने परत येऊन टेकतात न टेकतात तोच दुसरी चप्पल. दोन-तीन तर तिथेच चिखलात चिकटून फडफडत राहिली. मी बोलले तर म्हणे, ‘काकू, फुलपाखरंच तर आहेत.’ भाची घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि आता तुम्ही हीच आयडिया रंगीत चौकटीत छापताय, धन्य आहे.

त्याच पानावर खाली ‘फॉरेस्ट व्ह्यू’ फ्लॅटची अर्धं पान जाहिरात. असो, तुम्हालाही पोट आहे. पण तिच्यापायी शब्दकोड्याचं उत्तर उडवलंत, आमच्याकडे आडवा 14 अजून अडलाय, ते तेवढं उद्या छापा.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे