टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आधी देखभालीचं बोला

मा. संपादक,

डर्ट बाइकवरची (कच्च्या, खडबडीत वाटांवरच्या मोटारसायकलींवरची) चर्चा आपल्या वाहन पुरवणीत याही वेळी सीसी आणि पिकअपभोवतीच फिरली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेरीला ज्वलन होतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. स्पर्धेत १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक उतरते ती त्यामुळेच. तेव्हा समान सीसीची तुलना निरर्थक.

अरुंद पायवाट, आडवी पडलेली झाडं, वारंवार गाडी उचलावी लागणं असेल तर हलकी टू-स्ट्रोक बरी. सुट्या मातीच्या चढावर मागचं चाक पकड धरून राहावं, उतारावर इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटर, सोडल्यावर इंजिननेच गाडीला आवर घालणं) मिळावं, तर फोर-स्ट्रोक. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. खरी गोम देखभालीत आहे.

प्रीमिक्सवर (आधीच तेल मिसळलेल्या पेट्रोलवर) चालणाऱ्या टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल-तेलाचं प्रमाण ३२:१ म्हणजे लिटरला साधारण ३१ मिलि तेल, ४०:१ म्हणजे २५ मिलि. कंपनीने सांगितलेलं प्रमाण मापाच्या भांड्याने घ्या, अंदाजपंचे नको. ‘थोडं जास्त तेल घातलं तर बरंच’ हा समज तर घातक: कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी जातं, हवेशी होणारं मिश्रण लीन (कमी पेट्रोलचं) होतं आणि इंजिन तापतं. लांब उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला, की इंजिन वेगात फिरतं पण पेट्रोल जेमतेम, म्हणून तेलही जेमतेम. मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्यावा, नाहीतर पिस्टन जाम होऊ शकतो. उंचावर हवा विरळ असल्याने मिश्रण रिच (जास्त पेट्रोलचं) होऊन प्लग काळा पडतो. मग मेन जेट लहान लागतो. केटीएमच्या २०१८ मॉडेलपासूनच्या टीपीआय टू-स्ट्रोक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आणि तेलाची वेगळी टाकी असल्याने तेल मिसळणं आणि जेट बदलणं ही दोन्ही कामं वाचतात.

‘फोर-स्ट्रोकला काही बघावं लागत नाही’ हे एअर-कूल्ड ट्रेल बाइकपुरतं बरंचसं खरं. स्पर्धेच्या फोर-स्ट्रोकला तोच नियम लावणं म्हणजे खिशाला भोक पाडणं. तिच्यात इंजिन ऑइल जेमतेम लिटरभर, काहींत त्याहून कमी, आणि ते किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलायचं. व्हॉल्व्ह सीटमध्ये (तो ज्या कडेवर बसतो तिच्यात) रुतत जातो तसा क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) कमी होतो. इंजिन सहज चालू होईना ही त्याची नेहमीची खूण. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून शिम (फट जुळवणारी छोटी चकती) बदलता येते, पण तोच व्हॉल्व्ह पुन्हापुन्हा घट्ट होत असेल तर शिमचा खेळ थांबवून व्हॉल्व्ह बदला. तो तुटून पिस्टनवर पडला तर हेडसकट सगळं गेलं. टू-स्ट्रोकचं पिस्टन, रिंग, गॅस्केट लवकर बदलावं लागतं खरं, पण ते काम थोडाफार सराव असलेला माणूस घरच्या गॅरेजातही करू शकतो.

जुनी गाडी बघायला जाताना विक्रेत्याला इंजिन थंडच ठेवायला सांगा. गरम करून ठेवलेल्या गाडीत कोल्ड स्टार्टचा दोष लपतो. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप काढून पोर्टमधून (सिलिंडरच्या धूर बाहेर पडायच्या भोकातून) टॉर्चने पिस्टन पाहा. उभे, खोल ओरखडे दिसले तर सौदा सोडा. फोर-स्ट्रोक असेल तर व्हॉल्व्ह शेवटचे कधी मोजले आणि शिम कितीची घातली, ते विचारा. लेखी नोंद नसेल तर व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेनचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

– एक वाचक