गळ काढायची काडी माझ्याकडेच राहिली

आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून आजोबाच म्हणतो. ‘थँक्यू’ तेव्हा म्हणालो होतो, पण ते इथे बसमधून उतरतानाही म्हणतात. त्यानं माझं समाधान झालं नाही. मनापासून आभार मानायचे तर मला मराठीच लागते. तुम्हाला हे वाचता येणार नाही, पण इंग्लंडात राहून गळ टाकायची हौस असलेल्या आमच्या चार माणसांना तरी कळेल.

ऑक्टोबरातला शनिवार, ब्यूडली गावातली सेव्हर्न नदी. टेलफर्ड या अभियंत्याचा १७९८ सालचा पूल, पलीकडून मधूनच वाफेच्या इंजिनाची शिट्टी. मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा सकाळपासून बसलो होतो आणि गळाला काय लागत होतं, तर पिवळी पानं. मी कऱ्हाडचा, कृष्णेवर कणकेच्या गोळ्या लावून वाढलेला. मला कोण शिकवणार, ही घमेंड होतीच.

तुम्ही खालच्या अंगाला, विलोच्या झाडाखाली होता. येऊन आधी मासे धरायचं लायसन्स विचारलंत. मी ऐटीत मोबाइल दाखवला. मुलगा तेराच्या आतला, त्याला लागत नाही, हेही पाठ होतं. “आणि या काठाचा पास?” तो वेगळा असतो हे माझ्या गावीही नव्हतं. पास फाडणारा आला तेव्हा “त्यांना माहीत नव्हतं, आत्ता देतायत” असं तुम्हीच सांगितलंत. माझी मान खाली जायची वाचली.

मग तुम्ही माझा फ्लोट, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता खुणेचा तुकडा, हातात घेतलात आणि वीतभर वर सरकवलात. आमिष अधांतरी जात होतं, ते तळाला घासत जायला हवं होतं. मासे जमावेत म्हणून आमिषाच्या अळ्या मी अर्ध्या तासानं मूठभर फेकत होतो. तुम्ही दर खेपेला आठ-दहाच टाकायला लावल्यात, नैवेद्याची शितं ठेवावीत तशा. (त्या अळ्यांचा डबा आदल्या रात्री आमच्या फ्रिजमध्ये होता. त्यावर घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.) तिसऱ्या खेपेला फ्लोट बुडाला आणि बोटभर रुपेरी डेस मासा वर आला. तुमच्या पेटीत मोरपिसाच्या दांड्याचा फ्लोट दिसला तेव्हा तर मला हसूच आलं. आम्हीही लहानपणी तोच वापरायचो.

दुपारी तुम्ही डबाबंद मांसाचा डबा उघडलात. जेवताय वाटून मी नजर वळवली, तर तुम्ही त्याचे चौकोनी तुकडे करून गळाला लावलेत! बार्बल माशासाठी. चार मिशांचा हा मासा आमच्या महसीरच्याच कुळातला. तो मूळचा सेव्हर्नचा नाही, १९५६ मध्ये केनेट नदीतून आणून सोडला, हे सांगून तुम्ही माझ्याकडे बघत मिस्कील हसलात. त्या दिवशी तो काही आला नाही.

पण आभार खरे त्या पर्च माशाच्या वेळचे. मुलाच्या गळाला वीतभर पर्च लागला, पाठीवर काटे, अंगावर पट्टे, आणि गळ पार घशात. मी ओढायला निघालो. मुलगा रडकुंडीला. तुम्ही न बोलता हात पाण्यात ओले केलेत, मासा अलगद धरलात आणि खिशातून ती पिवळी प्लॅस्टिकची काडी काढलीत. टोकाच्या खाचेत दोरा अडकवला, ताणून धरला, काडी दोऱ्यावरून आत सरकवली, किंचित दाबली. गळ सुटला. मग मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवलात, स्वतःहून जाईपर्यंत. पुढच्या माशाला काडी तुम्ही मुलाच्या हातात दिलीत.

“सोडायचा होता तर पकडला कशाला?” हे त्यानं गाडीत विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला अख्खा गाव लोटतो, पोटात गाभोळी असलेले. मीही धरलेत, चवीनं खाल्लेत. तुमच्याकडे १५ मार्च ते १५ जून माशांच्या विणीच्या दिवसांत नदीवर असा गळच टाकायचा नाही. हे ऐकून मी गप्प झालो होतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

काडी मुलाच्या जॅकेटच्या खिशात राहिली. एकदा धुऊनही निघाली. येत्या शनिवारी आम्ही त्याच विलोपाशी येतोय, पास आधी काढून. सोबत चकल्या आहेत, फराळाच्या. त्या मात्र गळाला लावू नका.