मॉडिफाइड शर्यतीची बातमी नुसत्या निकालाने पुरी होत नाही

महोदय,

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर मोटार शर्यत म्हटली की फॉर्म्युला वन, फार तर मोटोजीपी. अमेरिकेतल्या नॅसकार या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची बातमी आलीच तर ती एखाद्या मोठ्या अपघाताच्या छायाचित्रापुरती, आणि खाली ‘सतत डावीकडे वळत राहणाऱ्या गाड्या’ असे एक वाक्य. अलीकडच्या काही वर्षांत व्हेलन मॉडिफाइड टूर या नॅसकारच्या मालिकेचा हंगाम ऑक्टोबरअखेरीस व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिल येथे २०० फेऱ्यांच्या शर्यतीने संपतो. या शर्यतीत इंजिनाच्या ताकदीपेक्षा चार चाकांवर वजन कसे वाटले आणि टायरमध्ये हवा किती भरली याला अधिक मोल असते. ते वाचकाला सांगितले नाही तर कोण पहिला आला यातून त्याला काहीच कळत नाही.

आधी ट्रॅक आणि गाडी. मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक १९४७ मध्ये सुरू झाला, म्हणजे नॅसकारच्याही आधी. एक फेरी ०.५२६ मैलाची, म्हणजे साधारण ८४६ मीटर. सुमारे २४४ मीटरच्या दोन सरळ रेषा आणि दोन्ही टोकांना अरुंद, जेमतेम १२ अंश उताराची वळणे. सरळ रेषांवर डांबर, वळणांवर काँक्रीट. मॉडिफाइड गाडीची पुढची चाके उघडी असतात, त्यांच्यावर मडगार्ड नसते. मागचे रुंद टायर बॉडीच्या बाहेर आलेले असतात आणि छप्पर बुटके. चालकासह वजन १२७० किलोच्या आसपास, ताकद ६०० अश्वशक्तीच्या वर. नॅसकारने १९४८ मध्ये पहिले विजेतेपद दिले तेच मुळी मॉडिफाइड गटात. ते रेड बायरन यांना मिळाले. मार्टिन्सव्हिलची पहिली शर्यतही त्यांनीच जिंकली होती. त्यामुळे हा गट नॅसकारचे शेपूट नसून त्याचे मूळ आहे.

आता टायर. या गाडीत मागची दोन्ही चाके एकत्र फिरतात. आपल्या रस्त्यावरच्या गाडीत वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देणारे डिफरन्शियल असते, तशी मोकळीक इथे नसते. मग वळणावर बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकाला लांबचा मार्ग कापायचा कसा? त्यासाठी उजवा टायरच मोठ्या घेराचा घेतात. चहाचा निमुळता कागदी कप आडवा लोळवला की तो आपोआप गोल फिरतो, तेच इथे घडते. घेरातल्या या फरकाला स्टॅगर म्हणतात. हिशेब सोपा आहे. वळणाची त्रिज्या ६० मीटर आणि मागच्या दोन टायरांच्या मध्यांतले अंतर १.७ मीटर धरले तर बाहेरचा मार्ग सुमारे २.८ टक्के लांब पडतो. डाव्या टायरचा घेर २१० सेंटिमीटर असेल तर फरक जवळपास ६ सेंटिमीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो यापेक्षा कमीच ठेवतात. सगळा ६ सेंटिमीटर दिला तर सरळ रेषेत गाडी डावीकडे ओढत राहते, चालकाला स्टिअरिंग उलटे धरावे लागते, टायर घासत जातो आणि वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की मागचा भाग सुटतो. फार कमी दिला तर नाक वळतच नाही आणि पुढचा उजवा टायर भाजून निघतो.

हे टायर जुन्या बायस प्लाय पद्धतीचे, म्हणजे आतले धाग्यांचे थर तिरपे असलेले असतात. हवा वाढली की त्यांचा घेरही वाढतो. म्हणून सकाळी थंड टायरवर टेप लावून मोजलेला स्टॅगर शर्यतीत तेवढाच राहत नाही. तो गाडी ट्रॅकवरून परत आल्यावर लगेच, टायर गरम असताना पुन्हा मोजून टिपून ठेवावा लागतो.

हवेचे गणितही शाळेतल्या वायूच्या नियमाचेच आहे, फक्त गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा दर चौरस इंचाला १४.७ पाउंड दाब मिळवायला विसरू नये. समजा, डाव्या टायरमध्ये १२ अंश तापमानाला १० पाउंड हवा आहे. टायर ८० अंशांपर्यंत तापला की गेजवर जवळपास १६ पाउंड दिसतील. उजवीकडे १४ पाउंडांनी सुरुवात केली आणि तो टायर १०० अंशांवर गेला तर आकडा २३ च्या घरात पोचतो. म्हणजे डावीकडे ६ पाउंडांची वाढ, तर उजवीकडे ९ पाउंडांची. एवढ्याने स्टॅगर, गाडीची उंची आणि चाकांवरचे वजन तिन्ही बदलतात. ऑक्टोबरातली थंडी आणखी एक खोडी काढते. दुपारच्या सरावात २० अंशांना भरलेली १० पाउंड हवा रात्री ८ अंशांना ९ पाउंडांवर येते. हवा कुठेही गळालेली नसते, तरी पहिल्या पंधरा-वीस फेऱ्या गाडी अंगावर येते आणि बघणाऱ्याला वाटते, चालक ढिला पडला. टायरमध्ये साध्या हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरतात, तो वाफेमुळे दाब अनपेक्षित वाढू नये म्हणून. बाकी नायट्रोजनही तापला की फुगतोच, त्यात जादू काही नाही.

खरा कस लागतो तो वजनाच्या वाटणीत. उदाहरणादाखल आकडे घ्या. पुढचे डावे चाक ३७० किलो, पुढचे उजवे २९०, मागचे डावे ३४०, मागचे उजवे २७०. एकूण १२७०. डाव्या बाजूला ७१० किलो, म्हणजे सुमारे ५६ टक्के. वळणावर वजन बाहेर, उजवीकडे लोटले जाते, म्हणून आधीच ते डावीकडे जास्त ठेवलेले असते. आता कोपऱ्याकोपऱ्याने बेरीज करा, पुढचे उजवे अधिक मागचे डावे. ६३० किलो, म्हणजे ४९.६ टक्के. याला क्रॉस वेट म्हणतात. मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा जॅक बोल्ट (स्प्रिंगवरचा भार कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवून तिथे १२ किलो चढवले की पुढच्या उजव्यावरही १२ किलो चढतात, उरलेल्या दोन चाकांवरून तेवढेच उतरतात. डाव्या बाजूची बेरीज ७१० च राहते, मागच्या दोन चाकांची ६१० च राहते, पण क्रॉस वेट ५१.५ टक्के होते. एवढ्या फरकाने सैल सुटणारी, म्हणजे वळणावर मागचा भाग घसरणारी गाडी घट्ट, म्हणजे नाक कमी वळवणारी होते, किंवा आधीच घट्ट असलेली गाडी नाकाने भिंतीकडे जाऊ लागते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, एखादा माणूस मागच्या काचेतून लांब पाना घालून अर्धा फेरा फिरवताना टीव्हीवर दिसतो, तो हेच करत असतो.

हे वजन मोजण्याची रीत पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनाही उपयोगी आहे. बाहा आणि फॉर्म्युला भारत स्पर्धांसाठी ती गाड्या बांधतात. त्या गाड्या डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे वळतात, त्यामुळे त्यांना क्रॉस वेट ५० टक्क्यांच्या जवळच हवे, पण मोजायची पद्धत तीच. चार सारखे डिजिटल काटे घ्या, हलक्या गाडीला प्रत्येकी १५० किलोचे पुरतात. चारही काट्यांचे माथे एका पातळीत आणा. गवंड्याची पाण्याची नळी यासाठी उत्तम, कारण एका कोपऱ्याखाली ५ मिलिमीटरचा फरक राहिला तरी आकडे खोटे येतात. टायरमधली हवा शर्यतीला असेल तेवढी, टाकीत इंधन शर्यतीला असेल तेवढे, आणि चालक हेल्मेटसह सीटवर. अँटीरोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, एका बाजूने सोडवा. तो ताणलेला राहिला तर वजन तोच ढकलतो आणि दोष स्प्रिंगवर येतो. गाडी काट्यावर चढवली की पुढून-मागून दाबून हलवा, म्हणजे शॉकअप आणि बुशमध्ये अडकलेले घर्षण सुटेल, आणि मगच आकडा लिहा. पुन्हा उतरवून, चढवून, तोच आकडा येतो का पाहा. दोन वेळा वेगळे आकडे आले तर स्प्रिंगला हात लावू नका, आधी कुठला सांधा जाम आहे ते शोधा.

आता ब्रेक. मार्टिन्सव्हिलला बहुतेकांचा घात ब्रेकच करतात. फेरी साधारण २० सेकंदांची आणि प्रत्येक फेरीत दोनदा कडक ब्रेक. २०० फेऱ्यांत ४०० वेळा. रात्रीच्या शर्यतीत लालभडक झालेल्या डिस्क चाकांच्या आतून स्पष्ट दिसतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की लवकर उकळते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा धरलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ अंशांची आहे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. म्हणून त्या आठवड्यात उघडलेल्या नव्या डब्यातलेच ऑइल घालतात आणि सरावानंतर पुन्हा एअर काढतात. दुसरी गोष्ट पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीची. मागे जास्त गेला तर वळणात शिरतानाच गाडी आडवी होते, पुढे जास्त गेला तर उजवा पुढचा टायर शंभराव्या फेरीच्या आतच संपतो. इंधन जळून मागचे वजन कमी होते, तशी ही वाटणी शर्यतीत बदलावी लागते. त्यासाठी चालकाच्या हाताशी एक फिरकी असते.

गिअरबद्दल थोडक्यात. मागच्या आसाच्या झाकणाआड दोन दातेरी चाके असतात. ऑइल काढायचे, झाकण उघडायचे, जोडी बदलायची की गुणोत्तर बदलले, अवघ्या काही मिनिटांचे काम. मात्र टायरचा घेर बदलला की गुणोत्तराचा हिशेबही पुन्हा मांडावा लागतो, आणि गडबडीत नेमके हेच राहते.

हंगामाची शेवटची शर्यत वेगळी ठरते ती गुणांमुळे. एक जागा म्हणजे एक गुण, विजयाला थोडे जादा. १० गुणांनी पुढे असलेल्या चालकाला जिंकायचे नसते, प्रतिस्पर्धी पहिला येत नसेल तर त्याच्या मागे आठ-नऊ जागांच्या आत गाडी पोचवायची असते. त्याची गाडी मुद्दाम जरा घट्ट ठेवतात, म्हणजे वेग थोडा कमी पण घसरण्याची भीती कमी. मागून येणाऱ्याला गमावण्यासारखे काही नसते, तो सैल गाडी घेऊन उतरतो. धोका दाखवून वेग कमी करायला लावणारा पिवळा झेंडा पडला की कोण टायर बदलायला आत जातो आणि कोण जागा धरून बाहेर थांबतो, हे पाहावे. इथे आतली रेषा सोन्याची. बाहेरच्या रेषेवर घासलेल्या रबराचे गोळे साचतात, त्यावर चाक गेले की पाच-सहा जागा एका फेरीत जातात. म्हणून साठ फेऱ्या शिल्लक असताना नवे टायर घेणारा शहाणा, आणि वीस शिल्लक असताना घेणारा बहुधा गर्दीत अडकतो. जस्टिन बोन्सिन्योर यांनी २०२४ मध्ये चौथे विजेतेपद मिळवले ते अशा हिशेबी गाडी चालवण्याच्या जोरावर, असे माझे मत आहे. यातले बहुतेक संघ अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कचे. सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला येताना विसरलेला सुटा भाग आणायला घरचे गॅरेज जवळ नसते.

याच शेवटच्या आठवड्याला एक जखमही आहे. नऊ वेळा राष्ट्रीय मॉडिफाइड विजेते ठरलेले रिची इव्हान्स २४ ऑक्टोबर १९८५ रोजी मार्टिन्सव्हिललाच सरावात भिंतीवर आदळून मृत्युमुखी पडले. त्या हंगामाचे विजेतेपद त्यांनी आधीच निश्चित केले होते. त्या काळच्या चौकटी फार ताठ होत्या. धडक बसली की चौकट वाकून ऊर्जा पचवत नसे, सगळा हिसका चालकाच्या अंगावर येई. आज चुरगळणाऱ्या चौकटी, डोके-मान धरून ठेवणारा पट्टा आणि शरीराला वेढणारी सीट यांवर जो काटेकोरपणा आहे, त्यामागे या गटाने गमावलेली माणसे आहेत. अपघाताचे छायाचित्र छापताना चालक त्यातून कशामुळे चालत बाहेर आला, ही ओळही हवी.

भारतीय वाचकाला हा ट्रॅक अगदीच परका नाही. नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले ते याच मार्टिन्सव्हिलला, आणि पहिल्याच शर्यतीत १३ वे आले. फॉर्म्युला वनमधून आलेल्या चालकाने या अरुंद वळणांवर ट्रक सांभाळून शेवटपर्यंत आणला, हे किती अवघड आहे ते वर लिहिलेल्या तपशिलांवरून कळेल.

तेव्हा यंदा ही बातमी देताना विजेत्याच्या नावासोबत एवढे छापावे, ही विनंती: शर्यत सुरू होतानाचे तापमान, पहिल्या पाचांनी कितव्या फेरीला टायर बदलले, पिवळे झेंडे किती आणि कितव्या फेऱ्यांना, कोणाचे ब्रेक गेले, शर्यतीपूर्वी गुणांचे अंतर काय होते, आणि शर्यतीनंतरच्या तपासणीत कोणाची गाडी नियमाबाहेर निघाली का. हे सगळे वीस ओळींत बसते.

आपला,
एक मोटारस्पोर्टप्रेमी वाचक, चिंचवड, पुणे