रेष आखून दिलेला कॅरम

महोदय,

यंदा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात कॅरम स्पर्धा असल्याची सूचना लागली आणि मी लगेच नाव द्यायला गेले. कार्यकर्ता मुलगा म्हणाला, ‘आजी, तुमच्या फोनमध्ये ॲप आहे ना?’ स्पर्धा मोबाइलवर होती! नातवाने तो खेळ मला दाखवला. नेम धरला की सोंगटी कुठे जाणार याची रेष त्यात आपोआप उमटते. माझे भांडण मोबाइलशी नाही (दुपारी मीही त्यावर पत्ते लावते), त्या रेषेशी आहे.

१९७० च्या आसपास इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडांत मिळून एक बोर्ड होता. संध्याकाळी तो ओटल्यावर मांडायचा, वायर सैल करून बल्ब खाली ओढायचा आणि उजेड बोर्डावरच पडावा म्हणून बल्बला वर्तमानपत्राचे टोपडे घालायचे. कागद तपकिरी पडला की नवा. वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांना कुणी कळवत नसेल, म्हणून कळवते.

मुलींचा नंबर शेवटी लागायचा. म्हणून भर दुपारी, भाऊ शाळेत असताना, मी चारही बाजूंनी एकटीच खेळायची. बोरिक पावडर संपली की आईच्या डब्यातली चेहऱ्याची पावडर. ती टाकली की सोंगट्या जागच्या हलत नसत, आणि संध्याकाळी चोरी उघडकीला येई ती वेगळीच.

कट, म्हणजे सोंगटीला कडेला लावून तिरकी घालवणे, मला शिकवले ते मिलमधून पाळी संपवून येणाऱ्या शेजारच्या काकांनी. ‘गोटी को मत देख, छेद को भी मत देख. जहाँ लगना है, बस उतना-सा देख.’ तो ‘उतना-सा’ सापडायला मला दोन उन्हाळे लागले. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत, सोंगटी जेमतेम साडेपाच. स्ट्रायकर केसभर जास्त मधोमध लागला तरी सोंगटी भोकाऐवजी पट्टीवर जाते. भोक ४.४५ सेंटिमीटरचे आणि स्ट्रायकर ४.१३ पर्यंत, म्हणजे जोर जरा जास्त झाला की सोंगटीमागून स्ट्रायकरही आत आणि वर दंडाची सोंगटी. राणी घेतली आणि कव्हर, म्हणजे तिच्या पाठोपाठ घ्यायची आपली सोंगटी, हुकले तर राणी पुन्हा मधोमध जाऊन बसणार, तेव्हा सगळ्या ओटल्याचे ‘अरेरे’ ऐकावे लागे. काहींचे ‘अरेरे’ अगदी आनंदी असे.

आमच्या वाड्यात अंगठ्याने मारायला सक्त बंदी होती. आंतरराष्ट्रीय नियमांत अंगठा चालतो हे मला पन्नाशीनंतर कळले. किती भांडणे फुकट गेली! दोनदा विश्वविजेते झालेल्या मारिया इरुदयम यांना अर्जुन पुरस्कार मिळाल्याचे वाचले, तेव्हा मी कात्रण कापून भावाला पाठवले होते. लहानपणी तो ‘कॅरम हा काय खेळ आहे का’ म्हणत असे, हरला की.

आणि आमचा बोर्ड! राजवाड्याच्या दिशेचा कोपरा किंचित उतरता होता. तिकडे हळू मारलेली सोंगटी शेवटच्या चार बोटांत वळायची. सुट्टीत पुण्याहून येणारी मावसभावंडे आमच्या ‘गोटी’ला हसत, ‘सोंगटी म्हणा’ म्हणून शुद्धलेखन शिकवत. आम्ही त्यांना मुकाट्याने त्या कोपऱ्यासमोर बसवायचो. तिथे त्यांचे काहीच चालत नसे. पावसाळ्यात बोर्ड दमट झाला की तो कोपरा आमचेही ऐकत नसे, मग सगळा हिशेब नव्याने. ॲपमधल्या बोर्डाला असा कोपरा नाही. आणि नेम दाखवणारी रेष आयती मिळाल्यावर मुलांनी शोधायचे काय?

समितीला सांगितले, तर ‘आजी, बोर्ड कुठून आणणार?’ असे उत्तर मिळाले. बोर्ड माझ्याकडे आहे. वाडा पाडला तेव्हा तो माझ्या वाट्याला आला, तेव्हापासून कपाटामागे उभा आहे. एका भोकाची जाळी फाटली आहे, ती मी शिवून देईन. समितीने फक्त एक बल्ब खाली ओढून द्यावा. टोपड्यासाठी आपला अंक घरी येतोच.

आपली,
एक जुनी वाचक, इंदूर